तबकातली रेती

ऋजुताने माझं चांदीचं तबक न धुता परत पाठवलं, तेव्हा मला आधी राग आला आणि लगेच मनापासून बरं वाटलं. तिच्या वागण्यात काही खोट सापडली की मला बरं वाटतं. बैठकीत ती एखादा शब्द चुकली, जेवताना तिच्या हातून वाटी कलंडली, तरी माझा दिवस चांगला जातो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण आहे हे असं आहे.

ऋजुता तेंडोलकर ही माझी धाकटी जाऊ. 'समुद्रिका' या जहाजावर ती माझी साहेबही होती. घरात मी थोरली, जहाजावर ती. ही व्यवस्था ज्याने कुणी लावून दिली त्याला माझ्या जागी आठवडाभर ठेवायला हवं. पण ती लावून दिली होती मीच! एका परिषदेत हिचं भाषण ऐकलं, पोरगी हुशार वाटली, म्हणून कौतुकाने घरी जेवायला बोलावली. जेवायला माझा दीर मंदारही होता. वर्षभरात ती आमच्या घरात आली, मग माझ्याच शिफारशीने जहाजावर आली, आणि बघता बघता माझ्या डोक्यावर जाऊन बसली.

जहाजाचं काम काय ते सांगते. कोकणच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला बरंच आत गेलं की समुद्राचा तळ एकदम उतरू लागतो. त्या उतारावर, हजार मीटरहून जास्त खोल पाण्याखाली, गाळात एक विचित्र बर्फ आहे. त्यात पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजरा करतात आणि आत मिथेनचा रेणू कोंडून ठेवतात. वरच्या पाण्याचा दाब आणि तळाची थंडी आहे तोवर पिंजरा टिकतो. दाब कमी केला की तो मोडतो आणि गॅस मोकळा होतो. मूठभर बर्फातून मोठी पिशवी फुगेल एवढा. वर आणून काडी लावली तर हा बर्फ चक्क पेटतो, आणि विझल्यावर मागे पाणी नि माती उरते. या गॅसवर तेव्हा किनाऱ्यावरच्या निम्म्या गावांच्या शेगड्या चालू लागल्या होत्या.

गॅस काढणं फारसं अवघड नव्हतं. अवघड होतं ते तळ जागेवर ठेवणं. गाळाचे कण या बर्फानेच एकमेकांना धरून ठेवलेले असतात. बर्फ काढून घेतला की उतार सुटा होतो आणि घसरतो. म्हणून आम्ही दाब अगदी हळूहळू उतरवत, थोडं थोडं काढायचो. ती जपून काढण्याची पद्धत माझी होती. बारा जणांचं माझं पथक होतं आणि गाळाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असायचा.

मग ऋजुताने अदलाबदल आणली. कार्बन डायऑक्साइड दाबाने खाली सोडायचा. पिंजऱ्याला तो मिथेनपेक्षा जास्त मानवतो. तो आत शिरतो, मिथेन बाहेर पडतो, आणि पिंजरा होता तसा उभा राहतो. नको असलेला वायू खाली जातो, हवा असलेला वर येतो, तळही हलत नाही. "घर तेच, राहणारा बदलला," असं ती पडद्यावर चित्र दाखवून सांगायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी मनात म्हणायचे, हे मला चित्राशिवायही कळतंय.

या पद्धतीला एकच अट होती. बर्फाच्या थरावर चिकणमातीचं घट्ट झाकण हवं, नाहीतर दाबाने सोडलेला वायू वरून निसटणार. झाकण कसं आहे ते 'वेध' सांगायचा. वेध ही आमची संगणकप्रणाली. तळात खणलेल्या विहिरीतून गाळाचं लांब नळकांडं वर काढायचं, त्याचा प्रत्येक तुकडा तपासायचा, माहिती वेधमध्ये भरायची, की तो समुद्रतळाचं चित्र उभं करायचा. मध्ये कुठे माहिती नसेल तर आजूबाजूच्या विहिरी पाहून रिकामी जागा आपली आपणच भरून टाकायचा. अंदाज त्याचे इतके बरोबर यायचे, की रिकामी जागा कुठली होती हे पुढे पुढे कुणी विचारतच नसे.

जहाजाचे प्रमुख मयेकर मालवणचे. समुद्राला नारळ दिल्याशिवाय काम सुरू करणं त्यांच्या रक्तात नाही. पहिल्या विहिरीपासून त्यांनी नारळाला एक जोड दिली. नळकांडं वर आलं की त्याच्या अगदी वरच्या टोकाचा तुकडा कापायचा, तबकात ठेवायचा, पेटवायचा, आणि त्या बर्फाच्या ज्योतीने विहिरीच्या यंत्राला ओवाळायचं. उरलेला चिखल नारळाबरोबर समुद्राला परत. गॅसच्या जहाजावर उघडी ज्योत म्हटल्यावर सुरक्षा अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला होता. पण टोकाच्या डेकवर, पाण्याचे पाइप सज्ज ठेवून, एवढ्याशा तुकड्याला त्याने शेवटी होकार दिला. पुढे तोच सगळ्यांच्या आधी टोपी घालून उभा राहायला लागला.

ओवाळण्याचा मान माझा असायचा आणि तबकही माझं. काठावर वेलबुट्टी कोरलेलं ते तबक सासूबाईंनी माझ्या लग्नात थोरली सून म्हणून मला दिलेलं. दरवेळी ओवाळून झालं की मीच ते घासायचे. तळाला राखाडी चिखल लिंपल्यासारखा बसायचा, वाळल्यावर नख लावलं की पापुद्रा निघायचा.

उतारावरची ही नवी विहीर म्हणजे ऋजुताच्या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा होती. मयेकर म्हणाले, "विहीर तिची, तेव्हा मान तिचा." आणि त्याच सकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"केतकी, तुझं तबक दे हो तिला. आपल्या घरची सून एवढं मोठं काम करतेय."

"हो आई," मी म्हटलं. आणि मी काय घरची मोलकरीण आहे का, हे गिळून टाकलं.

ती ओवाळत होती तेव्हा सगळे ज्योतीकडे बघत होते, मी तिच्या हातांकडे. तबक तिने एका बाजूला कलतं धरलं होतं आणि अक्षता खाली सांडत होत्या. मला ते फार सुखाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानसाम्याच्या हाती तबक माझ्या केबिनमध्ये आलं. कडेला कुंकू, तळाला तुपाचा ओशट थर, वेलबुट्टीत घाण अडकलेली. त्या वेळी खरं तर मी डेकवर असायला हवं होतं. ऋजुता 'कासव'मधून तळाशी निघाली होती. कासव म्हणजे आमची एका माणसाची पाणबुडी. वायू खाली सोडायची झडप जहाजावरूनही उघडता येते, पण ज्याची विहीर त्याने खाली जाऊन यांत्रिक हाताने ती उघडायची, हीसुद्धा मयेकरांचीच प्रथा. किनाऱ्यावरचे बडे पाहुणे पडद्यासमोर जमले होते. मी डोकं दुखतंय असं कळवून केबिनमध्ये बसले होते. तिला निरोप द्यायला हसरं तोंड कुठून आणायचं?

तिने किती घाण केली आहे ते नीट बघावं म्हणून मी तबक खिडकीच्या उन्हात धरलं. वेलबुट्टीवर बोट फिरवलं तर बोटाला खरखर लागली.

चिखल खरखरत नाही. मी कण कागदावर झटकले आणि भिंग घेतलं. गाळाचे कण ओळखण्यात माझं आयुष्य गेलंय. ही चिकणमाती नव्हती. गोलाई आलेली रेती होती, कुठल्या तरी जुन्या नदीने वाहून आणलेली. मध्ये काळ्या अभ्रकाचे पापुद्रे, आणि एका कणाला चिकटलेलं समुद्रातल्या सूक्ष्म जिवाचं कवच.

आमचं नळकांडं झाकणाच्या तळापासून सुरू होतं. म्हणजे अगदी वरचा तुकडा हा झाकणाचा एकमेव नमुना. आणि नेमका तोच तुकडा प्रत्येक विहिरीत आम्ही ओवाळून समुद्रात टाकत आलो होतो. तो देवाचा तुकडा. नैवेद्यातला घास काढून कुणी चव बघत नाही, तसं त्याला कुणी तपासलं नव्हतं. ती जागा वेधने दरवेळी अंदाजाने भरली होती. आधीच्या विहिरींत खरोखरच चिकणमाती होती, तिचाच चिखल तबकाला बसायचा, म्हणून अंदाज बरोबर आले. ऋजुता पडली रसायनवाली. तिच्या डोळ्यांना माती ती माती, त्यात वरून हळदकुंकू आणि ज्वाळा.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. मला आनंद झाला. हिची पद्धत फसणार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फसणार, आणि पाहुणे पडदा बंद करून उठून जाणार! सासूबाईंचा पडलेला चेहरासुद्धा मी मनातल्या मनात बघून घेतला.

त्या आनंदातच मी वेध उघडला. झाकणाच्या जागी 'चिकणमाती (अनुमानित)' असं लिहिलं होतं. तिथे रेती भरली आणि झडप उघडली तर काय होईल ते विचारलं. पडद्यावर वायू झाकणातून वर झिरपला. रेतीला धरून बसलेला बर्फ सुटला. आणि विहिरीच्या वरच्या अंगाचा सगळा उतार भिजलेल्या साखरेच्या ढिगासारखा बसला आणि खाली सरकला. ज्या जागी कासव उभी राहणार, त्या जागेवरून तो गेला.

मी खुर्चीतच बसून राहिले. किती वेळ ते विचारू नका. मनात वकिली चालू होती. पाच-दहा कणांवरून कुणी काही ठरवतं का? कण आधीचे असतील. आणि सांगून ऐकणार कोण? या विहिरीवर मी आधी तीन आक्षेप घेतले होते आणि तिन्ही खोटे ठरले होते. तिसरा कशाबद्दल होता हे मलाही आठवत नाही, आक्षेप घ्यायचा म्हणून घेतला होता. आता चौथा घेऊन गेले तर लोक तोंडावर हसतील.

मग मला आमच्या घरातली बैठकीची खोली दिसली आणि तिथे हार घातलेला ऋजुताचा फोटो. त्याच्यापुढे बसून सासूबाई जन्मभर सांगणार, अशी होती, तशी होती. आता निदान तिच्या हातून वाटी तरी कलंडते. फोटोतल्या बाईच्या हातून काहीच कलंडणार नव्हतं. हा विचार करून मी स्वतःलाच हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. तबक, कणांचा कागद आणि भिंग उचललं आणि धावत सुटले.

नियंत्रणकक्षात ही गर्दी होती. मोठ्या पडद्यावर कासवचे दिवे आणि खालचा राखाडी तळ दिसत होता. यांत्रिक हात झडपेकडे सरकत होता.

"थांबवा!" मी म्हटलं. "मयेकर, झाकण मातीचं नाही, रेतीचं आहे. उतार जाईल."

मयेकरांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या तबकाकडे पाहिलं. "अगो केतकी, आता ह्यां काय मधेच? चौथो आक्षेप?"

"हे बघा. तबकात सापडलं."

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. मयेकरांनी कागदावरचे कण बोटाने चाळवले. "रांगोळी असतली. काल डेकवर काढलेली ना."

"रांगोळी दगड कुटून करतात. तिचे कण टोकदार असतात. हे गोल आहेत. रांगोळीत अभ्रक नसतं आणि समुद्रातल्या जिवाचं कवचही नसतं. घ्या भिंग, बघा."

त्यांनी भिंग घेतलं नाही. त्यांनी हळूच माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. आवाज समजुतीचा होता, आणि तो मला शिवीपेक्षा जास्त लागला. "सगळे बघतत गो. घरातलां घरात ठेव."

मी त्यांचा हात झटकला आणि पुढे होऊन कासवशी बोलण्याचा माइक ओढला. "ऋजुता, केतकी बोलतेय. झडपेला हात लावू नकोस."

पाण्यातून आवाज जायला-यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी सगळं सांगून टाकलं, तबक, कण, वेध, उतार, सगळं. पडद्यावर यांत्रिक हात झडपेजवळ तसाच थांबला होता.

"ताई," तिचा आवाज आला. "एक विचारते, रागावू नका. तुम्ही हे माझ्यावर जळून सांगताय का?"

किनाऱ्यावरचे पाहुणेही ऐकत होते. नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं असतं तर तिने पुढचंही खोटंच धरलं असतं, हे मला कळत होतं.

"हो," मी म्हटलं. "जळते मी तुझ्यावर. तू घरात आलीस तेव्हापासून जळते. जळत नसते तर ते तबक नळाखाली धरून केव्हाच धुऊन टाकलं असतं. तू किती घाण करून पाठवलंस हे बघायला मी ते उन्हात धरलं, म्हणून रेती दिसली. माझं मन साफ नाही, ऋजुता. पण रेती आहे."

मी तबक माइकशेजारी ठेवलं.

"मग आहेच रेती," ती म्हणाली. "माझं चांगलं काय ते सगळे सांगतात. माझी चूक तुमच्याइतकी मन लावून कुणी शोधत नाही. मयेकर सर, मी वर येते."

पडद्यावर यांत्रिक हात मागे आला.

ती सुखरूप वर आल्यावर यंत्राने त्याच विहिरीच्या कडेला दुसरं नळकांडं काढलं. या वेळी वरचा तुकडा कुणी पेटवला नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर तो परातीत ठेवला. दाब उतरवताच त्याचा फसफस आवाज झाला, बर्फ सुटला, आणि तो ताठ उभा तुकडा जागच्या जागी ढासळून परातीत पसरला. राखाडी रेतीचा ढीग आणि चमचाभर पाणी. ऋजुताने त्यातली चिमूटभर रेती बोटांत चोळून पाहिली. मयेकरांनी टोपी काढून हातात घेतली होती.

विहीर बंद केली. अदलाबदलीची पद्धत बंद केली नाही. झाकण पक्कं असेल तिथे ती उत्तम चालते, आणि हे मी दात-ओठ न खाता लिहू शकत नाही. आणि कौतुक कुणाचं झालं? झडपेवर हात असताना माघार घेतली म्हणून ऋजुताचं! "एवढी तयारी झाल्यावर थांबायला धैर्य लागतं हो," सासूबाई व्हिडिओवर मला सांगत होत्या. मी मान डोलावली आणि कॉल संपल्यावर उशीला एक बुक्की मारली.

त्याच दिवशी रात्री ती माझ्या केबिनच्या दारात आली. हात ओढणीत गुंडाळलेले.

"ताई, येऊ?"

"ये."

ती खुर्चीत बसली. समोर टेबलावर तबक होतं. अजून घासलेलं नव्हतं, धीरच झाला नव्हता.

"ते तबक मी न धुता पाठवलं ना..."

"जाऊ दे. घाईत विसरली असशील."

"विसरले नव्हते." ती खाली बघत म्हणाली. "नळाखाली धरलं होतं. मग नळ बंद केला आणि मुद्दाम तसंच पाठवलं."

"मुद्दाम?"

"आईंनी लग्नात तुम्हाला चांदीचं तबक दिलं. मला काय दिलं ठाऊक आहे? इडलीपात्र. मंदारला विचारा, मी अजून बोलून दाखवते. घरात काही झालं की 'केतकीला विचारा'. लोणच्यात मीठ किती, केतकीला विचारा. मंदार आजारी पडला, केतकीला विचारा. इथे जहाजावर सगळे मला मॅडम म्हणतात, आणि सुट्टीला घरी गेले की मी पाहुणी. काल ओवाळताना हातात ते तबक होतं, तर सारखं वाटत होतं की हे आपलं नाही. म्हटलं, घासू देत थोरल्या सूनबाईंनाच." तिचे डोळे भरून आले होते. "धुऊन पाठवलं असतं तर मी आज..."

मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. जवळ घेतलं, रडू दिलं. थोरल्या जावेने जे करायचं ते सगळं केलं. पण मनात काय चाललं होतं ते खरं सांगते. ही, हिच्यासारखी, माझ्यावर जळत होती. एवढी वर्षं! एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"इडलीपात्र चांगलं आहे हो ते," मी म्हटलं. "जाड तळाचं आहे."

ती रडता रडता हसली आणि माझ्याच पदराला नाक पुसलं. एरवी मी ते वर्षभर लक्षात ठेवलं असतं. ठेवलंच आहे.

आता वरचा तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि त्याच्या खालचा पेटवतात. ओवाळायचा मान कुणाचा यावर दर विहिरीला आमचं वाजतं आणि मयेकर डोकं धरून बसतात. तबक माझ्याकडेच असतं. तिची पाळी असली की ती मागून नेते आणि काम झालं की स्वतः आणून देते. धुऊन आणत नाही. ती गेली की मी खिडकीशी बसते, वेलबुट्टीत अडकलेले कण भिंगाखाली एकेक करून बघते, आणि मग भिंतीपलीकडे तिला ऐकू जातील असे दोन शब्द मोठ्याने बोलून तबक घासायला घेते.